नमुना क्रमांक सात

“मॅडम, सातवा संपत आलाय,” घाई म्हणाली आणि मी सवयीने तिच्यावर खेकसले की आधी दार लाव. घाई हे काही तिचं नाव नाही. पण दार उघडायच्या आधीच तिचं बोलणं सुरू होतं म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला तेच म्हणतात. माझ्या हाताखाली पीएच.डी. करते, तिसरं वर्ष. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. निधी देणाऱ्या समितीने अहवाल परत पाठवला होता, ‘परिशिष्ट ब जोडलेले नाही’ असा शेरा मारून. जोडलेलं होतं. पान चौतीसवर होतं. पण चौतीसपर्यंत पोचायचं तर आधीची तेहेतीस पानं उलटावी लागतात, आणि तेवढा वेळ कुणाला आहे? मोठ्या फ्रीजरचा गजर कालपासून उगाच वाजत होता. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं असं, की आतून थंड आहे ना, मग वाजू दे. आणि आता सातवा. “किती उरलाय?” मी विचारलं. “दोन वेळा पुरेल, फार तर तीन. नवीन रक्त घ्यावं लागेल. कोणाचं आहे हो हे?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला माहीत नाही. चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

वीस वर्षं मी एका एन्झाइमच्या मागे आहे. ते यकृतात असतं. आपण गोळी गिळतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. काही गोळ्या हे एन्झाइम मोडून अंगाबाहेर काढतं. काही गोळ्या निजलेल्याच पोटात जातात, हे एन्झाइम त्यांना जागं करतं आणि मग त्या कामाला लागतात. ते कसं बनवायचं हे लिहिलेलं जनुक आपल्याला दोन प्रतींत मिळतं, एक आईकडून, एक वडिलांकडून. काहींच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. ही माणसं हसायला, भांडायला तुमच्याआमच्यासारखीच. फक्त पहिल्या जातीची गोळी त्यांच्या अंगातून निघता निघत नाही आणि दुसऱ्या जातीची उठता उठत नाही. एवढंच माझं शास्त्र. कुणी विचारलं तर मी हे दोन मिनिटांत सांगते, लोक वा वा म्हणतात आणि खिशातून आपली पित्ताची गोळी काढून दाखवतात. सातव्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. दर चाचणीत एक नमुना असा लागतो की ज्याचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे. तो चुकला तर यंत्र चुकलं. आमचा तो सातवा. पडद्यावर बाकीच्यांचे ठिपके वर नाहीतर मध्ये घोळक्याने बसतात, सातवा खाली उजव्या कोपऱ्यात, एकटा. मुलं सकाळी एकमेकांना विचारतात, सातवा बसला का जागेवर? बसला असेल तर दिवस चांगला जाणार. घाईने तर एकदा त्याच्या नळीला वाढदिवसाची टोपी घातली होती आणि मी बोलल्यावर म्हणाली, “मॅडम, तो एकटाच आहे इथे जो कधी सुट्टी घेत नाही.”

चौदा वर्षांपूर्वी माझ्याकडे ना निधी होता ना नमुने, नुसता उत्साह होता. तेव्हा उत्साह असायचा. एका रविवारी आईकडे सगळे जेवायला जमले असताना मी सुया, नळ्या आणि संमतीपत्रं घेऊन गेले. माझे सरही बरोबर आले होते. आई, बाबा, दादा, वहिनी, मावशी, मावशीचे यजमान, शेजारचं जोडपं आणि मी, अशी नऊ माणसं. “या घरात नमुन्यांना तोटा नाही,” असं म्हणत दादाने सगळ्यांत आधी बाही वर केली. बाबांनी संमतीपत्राची सगळी पानं वाचली आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं. मावशीने रक्त बघायला लागू नये म्हणून डोळ्यांवर टॉवेल धरला. मग सरांनी एक ते नऊ आकड्यांच्या चिकटपट्ट्या आपल्या टोपीत टाकून हलवल्या, मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि हाताला येईल ती पट्टी येईल त्या नळीवर चिकटवली. यादी केलीच नाही. “नाव कळलं की नजर बिघडते,” सर म्हणाले, “आपल्याला माणूस ओळखता येता कामा नये.” मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, मागून दादा म्हणत होता, “हिला लहानपणी अशीच शिक्षा व्हायची,” आणि सगळे हसत होते. त्या नवांतले चार आता नाहीत. सरही नाहीत. आणि मी त्या भिंतीपासून अजून वळलेलीच नाही की काय, असं हे लिहिताना वाटतं. पण तेव्हा, साडेनऊ वाजता, मी घाईला एवढंच म्हटलं की बघू, आणि परिशिष्ट ब छापायला घेतलं.

पावणेदहाला वहिनीचा फोन आला. वहिनी कामाशिवाय फोन करत नाही आणि कामाचं शेवटी सांगते. आधी माझी तब्येत, मग पाण्याचा प्रश्न, मग त्यांच्या इमारतीतली गळती. मी कान आणि खांद्याच्या बेचक्यात फोन धरून पानं लावत होते. “आणि काल यांच्या छातीत परत दुखलं,” ती म्हणाली. “दवाखान्यात नेलं, चार तास ठेवून घेतलं आणि संध्याकाळी सोडलं. म्हणाले, गोळ्या नियमित घेतात ना? अगं घेतात, मीच हातावर ठेवते. एक दिवस चुकलेला नाही सात आठवड्यांत.” सात आठवड्यांपूर्वी दादाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता, बारीक जाळीची नळी. “घाबरले होते म्हणून झोपेची अर्धी गोळी दिली तिथेच. ती घेऊन काल सातला झोपलेत, अजून उठायचं नाव नाही. पुन्हा तेच कुंभकर्णाचं नाटक. दात काढला होता तेव्हासारखं.” ती हसली. मी पण हसले, सवयीने. आणि हसता हसता माझ्या हातातली पानं खाली पडली.

दादा बावीस वर्षांचा होता, मी पंधरा. अक्कलदाढ काढायची होती आणि तो इतका भ्याला होता की दंतवैद्याने आधी एक झोपेची गोळी दिली. शुक्रवारी संध्याकाळी तो झोपला तो रविवारी दुपारी उठला. आईने दोनदा त्याच्या नाकाशी आरसा धरून पाहिला. मी त्याच्या कपाळावर पेनाने मिशा काढल्या. मिशा कपाळावर का, हे मला आज सांगता येणार नाही. उठल्यावर त्याने विचारलं, “डॉक्टर कधी येणार?” हा किस्सा आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालाय की आम्ही आता फक्त “कपाळाला मिशा” म्हणतो आणि हसतो. एकोणचाळीस वर्षं मी हसतेय. ती झोपेची गोळी अंगातून मोडून काढतं कोण? माझं एन्झाइम. हे मी दर वर्षी पहिल्याच व्याख्यानात शिकवते, तक्ता दाखवून. आणि स्टेंट बसवलेल्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जी गोळी देतात तिला जागं करतं कोण? तेच. माझा अर्धा जन्म या गोळीत गेला. दवाखान्यात दादाला भेटायला गेले तेव्हा त्याच्या उशाशी तिची पट्टी होती. मी ती हातात घेतली, नाव वाचलं, नीट दुमडून ठेवली आणि चारच्या मीटिंगला निघून गेले. मला काहीही वाटलं नाही. हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण खरंच काही वाटलं नाही. पेशंट म्हणजे क्रमांक; दादा म्हणजे दादा. डोक्यात दोन खोल्या होत्या आणि मधल्या दाराला मीच कडी घातली होती.

आता सातवा कोण, हा प्रश्न सुटला होता असं नाही. खात्री नव्हती. नवांतला कोणीही असू शकला असता, मीसुद्धा. पण दादाची गोळी आत उठतच नसेल, तर सात आठवडे तो नुसता पाण्याबरोबर खडू गिळत होता, आणि त्या जाळीत कुठल्याही क्षणी गुठळी बसली तर खेळ खलास. मी त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. तीन वेळा संगीत ऐकवलं, मग ते आले. सभ्य माणूस. माझं नाव ऐकून म्हणाले, “अरे वा, मॅडम, तुमचे पेपर वाचतो आम्ही.” मी सगळं सांगितलं. म्हटलं, दुसरी गोळी आहे, तिला या एन्झाइमची गरजच नाही, आज ती सुरू करा. “मॅडम, दुसऱ्या गोळीने रक्तस्राव जास्त होतो. त्यांचं वय एकसष्ट, पूर्वी अल्सर होऊन गेलेला. केवळ एका दाताच्या गोष्टीवरून मी ती कशी देऊ? आणि सरसकट जनुक-तपासणी करू नका असं मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. खरं सांगू का, त्या परिच्छेदाला आधार तुमच्याच पेपरचा दिलाय.” कागद चाळल्याचा आवाज आला. “हे बघा, शेवटचं वाक्य. ‘या निष्कर्षांचा उपचारांत वापर करण्यापूर्वी आणखी संशोधन आवश्यक आहे.’ बरोबर ना?”

बरोबर. माझंच. आणि ते वाक्य काय आहे ते मी सांगते. ते वाक्य सरांनी शिकवलं. पेपर कितीही पक्का असो, शेवटी हे लिहायचं. म्हणजे कोणी अंगावर येत नाही, आणि पुढच्या निधीचा अर्ज करायला दार उघडं राहतं. मी अकरा पेपरांच्या शेवटी ते लिहिलं. पहिल्यांदा विचार करून लिहिलं असेल. पुढे बोटं आपोआप टाइप करायची, पत्राखाली ‘आपली नम्र’ लिहावं तशी. त्यातल्या निदान चार पेपरांत काही आवश्यक नव्हतं. आकडे लख्ख होते. पण लख्ख आहेत असं लिहिणं आमच्यात वाईट दिसतं, शेखी मिरवल्यासारखं. एक नम्र वाक्य. ते मार्गदर्शिका करणाऱ्यांनी नम्रपणे उचललं, डॉक्टरांनी नम्रपणे वाचलं, आणि माझा दादा नम्रपणे खडू खातोय. मला त्या डॉक्टरांवर ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? माझं वाक्य मलाच परत आलं होतं, पोचपावतीसकट. “तपासणीचा अहवाल असेल तर मी लगेच बदलतो,” ते म्हणाले. “बाहेरच्या लॅबकडून बारा दिवसांत येतो.” बारा दिवस. माझं यंत्र सहा फुटांवर होतं आणि संध्याकाळपर्यंत सांगू शकलं असतं. त्याच्या वरच भिंतीवर पाटी होती: ‘येथे परिचितांचे नमुने तपासले जाणार नाहीत.’ ती पाटी माझ्या अक्षरात आहे. एका विश्वस्ताने जावयाचं रक्त पाठवलं होतं तेव्हा चिडून लावली होती. ठळक अक्षरांत, वर प्लास्टिक.

मी पर्समध्ये सुई आणि दोन नळ्या टाकल्या आणि निघाले. घाईने विचारलं, “मॅडम, परिशिष्ट?” “चुलीत घाल,” मी म्हटलं. टॅक्सीवाल्याला दोनदा पत्ता सांगावा लागला. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि पुढचा माणूस हॉर्नवर हात ठेवून बसला होता, जसं काही त्याच्याच हॉर्नमुळे पूल रुंद होणार होता. माझी चिडचिड आता कशावरही उतरत होती, सिग्नलवर, टॅक्सीवाल्याच्या मानेवरच्या घामावर, समोरच्या इमारतीच्या उघड्या जाळीच्या लिफ्टवर. दादा लिफ्ट-निरीक्षक होता. तीस वर्षं त्याने लिफ्टमध्ये ती प्रमाणपत्रं सही करून लावली, जी आपण वरच्या मजल्यापर्यंत वाचत जातो. त्याच्या नोकरीची एकच गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: शंका आली की तो लिफ्ट बंद करायचा. पुरावा नाही, मोजमाप नाही. एकदा नुसता चौथ्या मजल्यावर ‘टक्’ असा आवाज आला म्हणून एका बड्या अधिकाऱ्याच्या अख्ख्या इमारतीला त्याने अकरा दिवस जिने चढायला लावले. काही निघालं नाही. वरून दट्ट्या बसला. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, “दादा, हे शास्त्रीय नाही. आधी सिद्ध व्हायला पाहिजे.” तो म्हणाला होता, “आधी थांबवायची, मग शोधायचं. लटकलेल्या माणसाला तू काय सांगणार, सिद्ध होतंय, जरा थांबा?” मी हसले होते. त्या घरात मी फारच हसले आहे.

दादा नुकताच उठून पलंगाच्या कडेला बसला होता, केस उभे, गालावर उशीची घडी. सतरा तास झोपला होता. “तू? आज? मी मेलो की काय?” मी बोलायला लागले आणि घाईसारखीच बोलले, दार लावायच्या आधी. एन्झाइम, दोन प्रती, गोळी जागी होणं, नऊ नळ्या, सातवा. वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात दुपारची गोळी आणि पाण्याचा पेला तसाच राहिला. “म्हणजे मी रोज हातावर ठेवत होते ते काय होतं?” तिने विचारलं. “घड्याळ लावून देत होते गं मी. गजर लावून.” दादा माझ्याकडे बघत होता. झोपेने जड झालेले डोळे, पण आवाज ऐकल्यावर लिफ्टच्या छताकडे बघावं तसे. “तू त्या दिवशी पट्टी हातात घेतली होतीस,” तो म्हणाला. “मी पाहिलं. वाचलीस, ठेवलीस. मला वाटलं, चला, हिने बघितलंय म्हणजे बरोबर असणार.” हे त्याने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी तयार होते चिडण्याला. “दादा, माझ्या डोक्यातच आलं नाही.” “तुझ्या? डोक्यात?” तो म्हणाला आणि बाही वर केली. “घे. आणि या वेळी भिंतीकडे तोंड करू नकोस, शीर चुकेल.” पहिल्या खेपेला शीर चुकलीच. वीस वर्षांत कधी चुकली नव्हती, कारण वीस वर्षांत सुईच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.

प्रयोगशाळेत परत आले तेव्हा दीड वाजला होता. पाटीखाली बसून मी सगळं स्वतः केलं, मुलांना हात लावू दिला नाही. रक्तातून डीएनए वेगळा काढला, धुतला, पुन्हा धुतला, खाचा असलेल्या ताटलीत भरला. दादाच्या नळीवर काय लिहायचं कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. शेजारच्या खाचेत सातव्याचा थेंब सोडला. यंत्राचं झाकण लावलं आणि समोर बसून राहिले. मनात चमत्कारिक विचार येत होते. दादा वर येऊ दे, घोळक्यात, म्हणजे मी उगाच सगळ्यांना घाबरवलं असं होईल, डॉक्टर खुश, माझी फजिती. आणि मग लगेच वाटे, म्हणजे मग छातीत का दुखलं? आणि खोलवर, अगदी तळाशी, एक शास्त्रज्ञ बसून हातावर हात चोळत होती की बघू तरी, माझा अंदाज बरोबर येतो का. मला तिचा इतका राग आला की मी उठून तोंड धुऊन आले. फ्रीजरचा गजर वाजतच होता.

सव्वासहाला ठिपके आले. घाई माझ्या खांद्यावरून वाकली, नेहमीप्रमाणे न विचारता. घोळका वर, घोळका मध्ये, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे चौदा वर्षं एकच ठिपका बसत आला, तिथे एकमेकांना चिकटून दोन. “मॅडम,” घाई हळहळली, “तुम्ही चुकून सातवा दोनदा घातलात. आधीच उरला नव्हता.” मी नाही म्हणून मान हलवली.

लेटरहेडवर अहवाल टाइप केला. तपासणी, पद्धत, निकाल. निकालाखाली माझी बोटं आपोआप चालू लागली, ‘या निष्कर्षांचा उपचारांत वापर करण्यापूर्वी आणखी’ इथवर गेली, आणि मी ती टेबलावर आपटली. खरंच आपटली, करंगळी दुखावली. ते सगळं खोडून लिहिलं: ‘गोळी आजच बदला.’ सही करून तो डॉक्टरांना पाठवला, आणि घाईला सांगितलं की स्टुलावर चढ आणि ती भिंतीवरची पाटी काढ, नाहीतर माझ्यावर तक्रार कर, दोन्हीतलं काहीही चालेल. डॉक्टरांचा फोन दहा मिनिटांत आला. त्यांनी वाद घातला नाही, फक्त शेवटची ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “केलं.” आठ वाजायच्या आत वहिनीने दुकानातून नवी गोळी आणून दादाच्या हातावर ठेवली होती.

मग दादाचाच फोन आला. “म्हणजे चौदा वर्षं मी तुझ्या फ्रीजमध्ये होतो?” “बहुतेक तूच. डीएनए आणखी ताडून पाहिला तर पक्कं...” “पुरे,” तो म्हणाला. “आणि रोज बाहेर काढायचीस मला?” “रोज नाही. आठवड्यातून तीनचारदा.” तो हिशेब करत असावा; मीही करत होते. दवाखान्यातली ती वीस मिनिटं सोडली तर मी गेल्या वर्षभरात त्याच्याकडे एकदाही गेले नव्हते. “तो संपलाय म्हणालीस ना,” तो म्हणाला. “मग ये उद्या, घेऊन जा पाहिजे तेवढं रक्त. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?” “आता नाही घेता येणार, दादा. आता मला नाव माहीत झालंय. दुसरं कोणीतरी शोधावं लागेल.” पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती, तो तिला थांब म्हणाला. “मग नुसतीच ये,” तो म्हणाला, जरासा चिडूनच. उद्या अकराला समितीची मीटिंग होती आणि परिशिष्ट ब अजून जमिनीवर पडलं होतं. “येते,” मी म्हटलं, “सकाळीच येते.”